हिशेबाचे सॉफ्टवेअर : खान्देशातील दुकानदाराला काय हवे आणि बनवणाऱ्याला काय हवे

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. पुढे १९६६ मध्ये त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी ती हाती घेतली आणि तीच कंपनी आज विप्रो या नावाने सॉफ्टवेअरच्या जगात ओळखली जाते. म्हणजे देशातल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची मुळे आपल्या खान्देशच्या मातीत आहेत. पण त्याच खान्देशातला बागवान, जिनवाला, लूमवाला, सराफ किंवा किराणा दुकानदार रोज ज्या सॉफ्टवेअरवर बिल बनवतो, त्यात त्याच्या धंद्याची भाषा, त्याची मापे आणि त्याच्या अडचणी किती उतरल्या आहेत? या लेखात आम्ही हाच प्रश्न घेतला आहे.

आम्ही शिक्षक आहोत, सॉफ्टवेअर विकत नाही. पण बारावीनंतर टॅलीचा क्लास लावून जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथल्या दुकानांत आणि कर सल्लागारांकडे नोकरीला लागलेली आमची बरीच मुले आहेत. काही मुले बीसीए, एमसीए करून प्रोग्रामिंगकडे वळली. दोन्ही बाजूंचे म्हणणे आमच्या कानावर येते. दुकानदार म्हणतो, “सॉफ्टवेअरवाल्याला धंदा कळत नाही.” सॉफ्टवेअरवाला म्हणतो, “शेठला काय हवे तेच शेठ सांगत नाहीत.” दोघांचेही थोडे थोडे खरे आहे.

हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा का?

पूर्वी हिशेब हा मालक आणि मुनीम यांच्यातला मामला होता. रोजकीर्द लिहिली, खतावणी केली, वर्षअखेर तेरीज जुळवली की काम झाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हिशेबाची वही थेट सरकारी पोर्टलला जोडली गेली. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरावा लागतो. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट किती मिळेल, हे सांगणारा जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होतो. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की समोरच्याने आपले बिल दाखवले आणि ते २बी मध्ये आले, तरच वजावट मिळते.

आता हिशेब करा. १४ तारखेला २बी आला, २० तारखेला ३बी भरायचा. मध्ये उरले ६ दिवस. तेवढ्यात महिन्याची सगळी खरेदी बिले ताडून पाहायची, कोणाचे बिल आले नाही ते शोधायचे, त्याला फोन करायचा. एका बिलावर १८,००० रुपये कर असेल आणि ते बिल निसटले, तर तेवढे पैसे खिशातून भरावे लागतात. लहान दुकानदाराच्या दृष्टीने तो एका नोकराचा महिन्याचा पगार झाला. चांगले सॉफ्टवेअर आणि वाईट सॉफ्टवेअर यातला फरक असा थेट गल्ल्यात दिसतो.

आज वापरात काय आहे?

टॅलीची सुरुवात १९८६ मध्ये झाली. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी ते उभे केले; कंपनीचे तेव्हाचे नाव प्युट्रॉनिक्स होते. २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ आणि २०२० मध्ये टॅलीप्राइम आले. आपल्याकडे तर “टॅली येते का?” म्हणजे “हिशेब येतो का?” असाच अर्थ झाला आहे. याशिवाय औषध दुकानांत मार्ग, व्यापाऱ्यांकडे बिझी, मोबाइलवर व्यापार, उधारीसाठी खाताबुक, इंटरनेटवर चालणारे झोहो बुक्स असे पर्याय आहेत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे खुल्या परवान्याचे आहे. त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो.

यातले कोणते घ्यावे, हे आम्ही सांगणार नाही. कोणतेही घेतले तरी खालच्या मागण्या लागू होतात.

वापरणाऱ्यांच्या मागण्या

१) भाषा आणि नावे. मराठीत हिशेबाचे शब्द आधीपासून आहेत. जमा-नावे, येणे-देणे, रोजमेळ, खतावणी, तेरीज, ताळेबंद, शिल्लक. शाळेत वाणिज्य शाखेचा मुलगा हे शब्द शिकतो आणि दुकानात पोहोचताच सगळे विसरून डेबिट-क्रेडिट करतो. टॅलीत २००६ च्या टॅली ९ पासून मराठीसह भारतीय भाषांत काम करण्याची सोय आली. पण सोय असणे वेगळे आणि ती रोजच्या कामात उतरणे वेगळे. बटण मराठीत, चुकीचा संदेश इंग्रजीत आणि मदतीचे पान तर अगदी जड इंग्रजीत असेल, तर नवा मुलगा अडतो तो नेमका चुकीच्या संदेशापाशी. म्हणून पहिली मागणी ही की चूक झाली तर ती काय झाली आणि आता काय करायचे, हे सोप्या मराठीत सांगा.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान दुकानालाही देवनागरीत पाटी लावावी लागते. पाटी मराठीत आणि बिल मात्र गिऱ्हाइकाला न वाचता येणारे, हे काही बरोबर नाही.

नावांचा प्रश्न आपल्या समाजाला जास्त जाचतो. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण असते, कुठे चार अक्षरांत, कुठे दोन अक्षरांत. सकाळच्या मुलाने एका स्पेलिंगने खाते उघडले, संध्याकाळच्या मुलाने दुसऱ्या. एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती झाली. एका खात्यात उधारी, दुसऱ्यात जमा. वर्षअखेर माणूस भांडायला येतो की मी पैसे दिले होते. तो खरेच बोलत असतो. यावर इलाज कठीण नाही. नवे खाते उघडताना मोबाइल नंबर, पॅन किंवा जीएसटी क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर सॉफ्टवेअरने थांबवून विचारावे, “हे खाते आधीच आहे, तेच वापरायचे का?” शोधताना उच्चार सारखा असलेली सगळी नावे समोर आणावीत. आणि झालेली दोन खाती एकत्र करायची सोय असावी, जुन्या नोंदी न मोडता.

२) आपल्या धंद्याची मापे. कपाशीचे उदाहरण घ्या. शेतकऱ्याकडून कापूस क्विंटलने येतो. जिनिंगमध्ये त्याची रुई आणि सरकी होते. रुईचा भाव खंडीवर बोलतात, एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. माल गाठींत जातो, एक गाठ साधारण १७० किलोची. सरकी पुन्हा क्विंटलने विकली जाते. शिवाय ओलावा आणि कचरा यांची घट आहेच. एकाच मालाची चार मापे आणि एका मालातून दोन माल. बहुतेक ठिकाणी हा हिशेब एक्सेलच्या वेगळ्या फाइलमध्ये होतो आणि शेवटचा आकडा तेवढा सॉफ्टवेअरमध्ये टाकला जातो. मग साठा कागदावर एक आणि गोदामात एक.

केळीचेही तसेच. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावलच्या केळीचा सौदा क्विंटलवर होतो आणि निर्यातीचा माल साधारण १३ किलोच्या पेट्यांत भरला जातो. मधे हमाली, तोलाई, वाहतूक अशा वजावटी असतात. व्यापाऱ्याला काटा पावतीवरून थेट शेतकऱ्याची हिशेबपट्टी निघायला हवी आहे आणि ती मराठीत हवी आहे, कारण ती वाचणारा शेतकरी आहे. ताज्या केळीवर जीएसटी नाही, त्यामुळे तिथे कर बीजक नको, साधे पुरवठ्याचे बिल लागते. सॉफ्टवेअरने हा फरक स्वतः ओळखावा.

जळगावच्या सराफ बाजाराची गरज निराळी. भाव रोज बदलतो, वजन ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत लिहावे लागते, मजुरी वेगळी, आणि गिऱ्हाईक जुनी मोड घेऊन येते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी हवा. किराणा दुकानाचे सॉफ्टवेअर सराफाला चालत नाही आणि सराफाचे केळीवाल्याला.

३) कराचा दर हा मालाला नसतो, व्यवहाराला असतो. हे वाक्य बनवणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. जळगावच्या डाळ मिलचे पाहा. तीच तूरडाळ २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीत विकली तर ५ टक्के कर, ३० किलोच्या पोत्यात विकली तर कर नाही. हा नियम १८ जुलै २०२२ पासून आहे. म्हणजे गोदामात साठा एकच, पण बिलावर दर दोन. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूला एकच दर देता येतो, तिथे मुलगा ‘तूरडाळ १’ आणि ‘तूरडाळ २’ अशा दोन वस्तू बनवतो आणि मग साठा कधीच जुळत नाही.

कपड्याचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर असेल तर १८ टक्के. त्याआधी ही मर्यादा १,००० रुपये होती. ईदच्या गर्दीत २,७०० चा ड्रेस सूट देऊन २,४५० ला विकला, तर दर बिलाच्या क्षणी बदलायला हवा. गल्ल्यावरच्या मुलाने तो लक्षात ठेवावा अशी अपेक्षा करणे चूक आहे.

त्याच २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ संपले आणि शेकडो वस्तूंचे दर एका रात्रीत बदलले. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अमुक तारखेपासून अमुक दर’ अशी सोय होती, ते सकाळी निवांत दुकान उघडून बसले. नसेल तिथे जुना दर पुसून नवा टाकावा लागतो, आणि मग जुन्या तारखेचे परतीचे बिल नव्या दराने निघते. ‘पुढे पाठ, मागे सपाट’ असे चालणार नाही. जुना दरही जपला पाहिजे.

४) उलट कर आणि सीमेपलीकडची विक्री. नोंदणीकृत व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर त्यावरचा ५ टक्के कर शेतकरी भरत नाही, घेणारा भरतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हा नियम आहे. त्यासाठी घेणाऱ्याने स्वतःच बीजक बनवायचे, कर रोखीने भरायचा आणि मग वजावट घ्यायची. जिनवाल्याकडे हंगामात रोज शेकडो शेतकरी येतात. प्रत्येक काटा पावतीमागे ही नोंद आपोआप झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या भूगोलाची. रावेरहून बऱ्हाणपूर आणि शिरपूरहून सेंधवा जवळ आहे, पण राज्य बदलते. राज्य बदलले की केंद्र-राज्य कराऐवजी एकत्रित कर लागतो. ई-वे बिलाची मर्यादाही बदलते; महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपये, राज्याबाहेर ५० हजार रुपये. गिऱ्हाइकाचे राज्य पाहून सॉफ्टवेअरने बिल पक्के करण्याआधीच इशारा द्यावा. ट्रक निघून गेल्यावर कळून उपयोग नाही.

५) मजुरीवरचे काम. धुळ्याच्या यंत्रमागवाल्याकडे बऱ्याचदा सूत दुसऱ्याचे असते, कापड दुसऱ्याचे असते, मजुरी तेवढी त्याची. त्याला तीन गोष्टींचा हिशेब हवा असतो. किती किलो सूत आले, किती ताके आणि किती मीटर कापड गेले, घट किती धरली. दिलेला माल कायद्याने एक वर्षाच्या आत परत गेला पाहिजे, नाहीतर तो देणाऱ्याच्या नावे विक्री धरला जातो. ‘माझ्या मालकीचा साठा’ आणि ‘माझ्याकडे असलेला दुसऱ्याचा साठा’ हे दोन वेगळे दाखवणे ही लूमवाल्याची पहिली गरज आहे. दुसऱ्याचा माल ही अमानत असते, ती आपल्या ताळेबंदात मिसळून चालत नाही.

६) उधारी आणि ४५ दिवस. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही तरतूद लागू झाली. आपले लूमवाले, चटईवाले, पाइपवाले यांना याचा फायदा होऊ शकतो, कारण ते उत्पादक आहेत. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असूनही हे संरक्षण नाही. सॉफ्टवेअरने बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि ४० व्या दिवशी आठवण करून द्यावी. अर्धी भांडणे तिथेच मिटतील.

यूपीआयचीही एक मागणी आहे. दिवसभरात स्कॅनरवर २०० वेळा पैसे येतात. कोणत्या बिलाचे कोणते पैसे, हे रात्री जुळवणे जिकिरीचे होते. बिलाच्या रकमेचा क्यूआर कोड बिलासोबतच निघाला आणि पैसे आल्यावर ते बिल आपोआप मिटले, तर दुकानदाराचा रोजचा एक तास वाचेल.

७) लाइट, इंटरनेट आणि आपला डेटा. गावात नेट जाते, लाइट जाते. म्हणून बिल नेटशिवाय बनले पाहिजे आणि नेट आल्यावर आपोआप वर गेले पाहिजे. रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी जपली गेली पाहिजे. प्रत निघाली की नाही हे न सांगता पडून राहणारे सॉफ्टवेअर कामाचे नाही. प्रत परत उघडून दाखवणारे हवे.

त्याहून मोठा मुद्दा मालकीचा आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. समजा दुकानदाराने तीन वर्षे वर्गणी भरली आणि चौथ्या वर्षी बंद केली, तर जुना हिशेब वाचता येईल का? सगळी खाती, बिले, साठा दुसऱ्या सॉफ्टवेअरला समजेल अशा फाइलमध्ये काढून घेता येतील का? वर्गणी सॉफ्टवेअरची असते, हिशेब दुकानदाराचा असतो.

८) कोणी काय बदलले. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद न करता येणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. एकमालकी दुकानाला किंवा भागीदारीला ही सक्ती नाही. तरी भावाभावांच्या भागीदारीत ही नोंद फार उपयोगी पडते. कोणी, कोणत्या तारखेला, कोणता आकडा बदलला हे दिसत असेल तर संशयाला जागा राहत नाही. गल्ल्यावरच्या मुलाला बिल बनवता यावे, पण जुने बिल पुसता येऊ नये, अशी कामाची वाटणी सोपी असावी.

९) जकातीचा हिशेब. कुरआनातील सर्वात मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, ही गोष्ट आपल्या व्यापाऱ्यांना माहीत असतेच. जकातीच्या वेळी मात्र सॉफ्टवेअर हात वर करते. कारण दोन आहेत. पहिले, हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, त्यामुळे जकातीची तारीख दरवर्षी सरकते आणि ३१ मार्चशी जुळत नाही. दुसरे, ताळेबंदात साठा खरेदीच्या किंवा बाजारच्या किमतीपैकी जी कमी त्या दराने धरतात, तर जकातीसाठी व्यापारी मालाची त्या दिवसाची बाजार किंमत धरली जाते. निवडलेल्या तारखेचा साठा, त्या दिवसाच्या भावाने किंमत, रोख, बँक, येणे आणि देणे हे एका पानावर मिळाले, तर २.५ टक्क्यांचा हिशेब सोपा होतो. उधारी किती धरायची, कर्ज किती वजा करायचे हे मसले आलिमांना विचारावेत. सॉफ्टवेअरने फक्त आकडे द्यावेत.

बनवणाऱ्यांच्या मागण्या

आता दुसरी बाजू. आपल्या भागात सॉफ्टवेअर बनवणारी, टॅलीत त्याच्या टीडीएल भाषेत बदल करून देणारी आणि बसवून देणारी मुले काय म्हणतात?

पहिले, नियम वेळेवर हवेत. ई-इनव्हॉइसची मर्यादाच पाहा. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरुवात झाली, मग १०० कोटी, ५०, २०, १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. प्रत्येक टप्प्यावर नवे गिऱ्हाईक घाबरून फोन करते. प्रत्येक बदलाआधी सरावासाठी वेळ, पक्का नमुना आणि उदाहरणे मिळाली तर चुका कमी होतील.

दुसरे, दारे उघडी हवीत. मोठ्या सॉफ्टवेअरला लहान प्रोग्राम जोडता आला पाहिजे. वजनकाटा, बारकोड, बँक, पोर्टल यांच्याशी बोलण्याची ठरलेली आणि नीट लिहून ठेवलेली पद्धत हवी. आज एका आवृत्तीवर केलेला बदल पुढच्या आवृत्तीत मोडतो आणि शिव्या स्थानिक मुलाला बसतात. मोठ्या कंपन्यांनी काय बदलणार हे आधी सांगावे, एवढे तरी हक्काने मागता येते.

तिसरे, चोरीची प्रत नको. पैसे वाचवायला फुकटची फोडलेली प्रत बसवली की तिच्यासोबत व्हायरस येतो, दुरुस्त आवृत्त्या येत नाहीत आणि दर बदलले की दुकान अडते. शिवाय ते दुसऱ्याच्या मेहनतीवर हात मारणे आहे. ज्याला परवडत नाही त्याने खुल्या परवान्याचे किंवा लहान ॲप घ्यावे.

चौथे, सेवेचे मोल. “एक मिनिटाचे काम आहे, फोनवरच सांग” असे दिवसातून २० जण म्हणतात. सॉफ्टवेअरचे पैसे एकदा दिले की आयुष्यभर मदत फुकट, हा समज मोडला पाहिजे. वर्षाची ठरावीक सेवा फी आणि त्यात काय येते हे कागदावर लिहिले तर दोघांचेही भले.

पाचवे, एक जबाबदार माणूस. मालक एक सांगतो, मुलगा दुसरे, अकाउंटंट तिसरे. दुकानातून एकच माणूस मागणी सांगणारा आणि झालेले काम तपासून हो म्हणणारा असावा.

मागणी कशी मांडावी?

“सॉफ्टवेअर बरोबर चालत नाही” हे वाक्य डॉक्टरला “बरे वाटत नाही” म्हणण्यासारखे आहे. कुठे दुखते ते सांगावे लागते. मागणी चार ओळींत लिहावी.

काय करत होतो : २,७०० रुपयांच्या ड्रेसवर २५० रुपये सूट देऊन बिल बनवत होतो.
काय झाले : दर १८ टक्केच राहिला.
काय व्हायला हवे होते : किंमत २,४५० झाली म्हणून ५ टक्के.
पुरावा : बिल क्रमांक, तारीख, स्क्रीनचा फोटो, सॉफ्टवेअरची आवृत्ती.

एवढे लिहून दिले तर चांगला प्रोग्रामर अर्ध्या तासात कारण शोधतो. न लिहिता सांगितले तर तीन दिवस फोनाफोनी चालते. आणि एकाच धंद्यातल्या दहा दुकानदारांनी एकत्र येऊन एकच मागणी लिहून दिली, तर मोठी कंपनीही ऐकते. एकट्याची ती तक्रार असते, दहांची झाली की कंपनीला त्यात बाजार दिसतो.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

- माझ्या मालाची मापे यात बसतात का? माझीच दहा खरी बिले बनवून दाखवा.
- एका वस्तूला तारखेनुसार, किमतीनुसार, पॅकिंगनुसार वेगळा दर देता येतो का?
- २बी ताडून पाहायला किती वेळ लागतो? आत्ता करून दाखवा.
- नेट नसताना बिल निघते का?
- वर्गणी थांबवली तर जुना हिशेब वाचता येतो का? सगळा डेटा बाहेर काढता येतो का?
- प्रत कुठे जपली जाते आणि ती परत उघडून दाखवाल का?
- वर्षाची सेवा फी किती, आणि फोन उचलणारा कोण?

मधल्या मुलांसाठी दोन शब्द

दुकानदार आणि प्रोग्रामर यांच्यामध्ये आमची अकाउंटचे काम करणारी मुले-मुली आहेत. नुसत्या नोंदी टाकण्याचे काम आता सॉफ्टवेअर स्वतः करू लागले आहे. बँकेचे उतारे, खरेदीची बिले आपोआप वाचली जातात. त्यामुळे बटणे पाठ करणाऱ्याची नोकरी टिकणार नाही. ज्याला धंद्याचा व्यवहार कळतो, कायद्याची अट कळते आणि सॉफ्टवेअरमध्ये ती कुठे बसवायची हे कळते, त्याला मागणी राहील. कापसाची खंडी, लूमचा ताका, केळीची पट्टी हे आपल्या मुलांना घरातच माहीत असते. उर्दू, मराठी, अहिराणी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचे म्हणणे ती ऐकू शकतात. बाहेरच्या शहरातल्या प्रोग्रामरकडे हे नाही.

म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बीसीए, बीकॉम करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ग्रंथालयाचे किंवा हॉस्पिटलचे तेच ते सॉफ्टवेअर पुन्हा बनवू नका. मोहल्ल्यातल्या एका दुकानात आठ दिवस बसा, त्याचे दहा व्यवहार लिहून घ्या आणि सॉफ्टवेअरला न जमणारा एक व्यवहार निवडून तेवढाच नीट सोडवा. दुकानदारांनीही अशा मुलाला गल्ल्याजवळ खुर्ची द्यावी आणि त्याचे प्रश्न शांतपणे ऐकावेत. पुढच्या २० तारखेला विवरण भरताना जिथे अडकाल, ती पहिली मागणी त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. तिथून सुरुवात करता येईल.